आतली पट्टी

बोटाएवढी कागदाची पट्टी. कच्ची असताना तिचा रंग साईसारखा.

"राग कुठे आहे?"
"प्रशासकांच्या खोलीत."
"नाही हो ताई, शरीरात कुठे आहे?"

माझे वडील जेवताना आमच्याकडे बघत नसत. पाण्याच्या भांड्याकडे बघत.

स्टीलचा ट्रे फरशीवर आदळला की पहिला आवाज आदळण्याचा असतो. दुसरा, पुष्कळ लांबणारा, स्वतःभोवती फिरत बसण्याचा.

चहाला बाहेर आले की दिसतं, समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक माणूस रोज अकराच्या सुमारास खिडकीत येतो, हातमोजे काढतो आणि बोटं मोजल्यासारखी हलवून बघतो. आत तो काय करतो ते मला ठाऊक नाही.

एकशे चौतीस अंश, साडेतीन मिनिटं. एवढ्यात कुठलाही जंतू मरतो. अपमान मरत नाही, मी घालून पाहिलाय.

नवरा म्हणाला, "घरात नको हं काही फेकूस. आपली भांडी जुनी आहेत."

झालं होतं ते एवढंच. मंगळवारी सकाळी ऑपरेशनच्या सिस्टरने माझ्या खोलीतून वर गेलेला हत्यारांचा एक गठ्ठा उघडला, आतली पट्टी बघितली आणि गठ्ठा तसाच परत पाठवला. पट्टी काळी झालेली नव्हती. मी हॉस्पिटलच्या तळघरात काम करते, बावीस वर्षं. वरून कात्र्या, चिमटे, पकडी मळून येतात. आम्ही त्या धुतो, तपासतो, ट्रेमध्ये लावतो, कापडात बांधतो, वाफेच्या यंत्रात घालतो आणि निर्जंतुक करून वर धाडतो. सगळ्या मजल्यांवर मला वाफवाली म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला ते चालतं. प्रत्येक गठ्ठ्याला दोन साक्षीदार असतात. बाहेरून लावलेली टेप. तिला उष्णता लागली की तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा उमटतात. आणि आत ठेवलेली कागदाची पट्टी. ती वाफ खरोखर आतपर्यंत पोचली तरच काळी होते. गठ्ठा यंत्रात जाऊन आला, एवढंच टेपला कळतं. आत हवा अडकून राहिली आणि वाफ शिरलीच नाही, तर ते पट्टीला कळतं. यात काहीतरी खोल अर्थ शोधायला श्वासबाईंना, म्हणजे पुढे मला श्वास बघायला शिकवणाऱ्या बाईंना, फार आवडलं असतं, म्हणून मी त्यांना ते कधीच सांगितलं नाही. माझं काम कशाचीही उपमा नाही. ते काम आहे.

त्या फेरीतले अकराही गठ्ठे मी परत मागवले आणि एकेक उघडला. तीन कच्चे निघाले. एकही वापरला गेला नव्हता. एक ऑपरेशन पुढे ढकललं, माणसं थोडी ओरडली, कुणाला इजा झाली नाही. दुपारी प्रशासकांनी बोलावलं. हा माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि बोलताना पेनाचं टोपण सारखं काढतो, घालतो. "बाई, गठ्ठे कोंबून भरले असणार तुम्ही," टोपण काढलं, "वाफेला जागाच राहिली नसणार," टोपण घातलं. मी म्हटलं, साहेब, यंत्राच्या दाराचं रबर गेलंय, दार बंद असताना बाहेरची हवा आत ओढली जाते, मी चार वेळा लेखी दिलंय. "चार वेळा? माझ्याकडे तर एकही कागद नाही." असं म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. शांतपणे, डोळ्यात डोळे घालून. खोटं बोलताना माणसं नजर चुकवतात असं मी इतकी वर्षं समजत होते. तळपायाची आग मस्तकात जाणे, याचा मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. ते नुसतं बोलणं नाही, खरंच तळपायापासून सुरू होतं, हे मला त्या दिवशी बावन्नाव्या वर्षी कळलं.

शुक्रवारी त्याने कागद पुढे केला. दोन वाक्यं होती. यंत्र व्यवस्थित चालू होते. चूक माझ्याकडून झाली. खाली माझ्या सहीसाठी रेघ. मी कामावरून तशीच वर गेले होते, हातात रिकामा ट्रे होता. तो मी फेकला. त्याच्या अंगावर नाही, फरशीवर. एवढं भान मला होतं, त्याचं श्रेय मात्र कुणी दिलं नाही. ट्रे फिरत राहिला, फिरत राहिला, आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो, आणि तो थांबल्यावर प्रशासक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला मदतीची गरज आहे." मग ठरलं असं: सहा बैठका. मन शांत करण्याच्या. त्यानंतर सही. सही नसेल तर, टोपण काढलं, आम्हाला वेगळा विचार करावा लागेल, टोपण घातलं.

चौथ्या मजल्यावरच्या ज्या खोलीत पूर्वी मोडक्या चाकाच्या खुर्च्या ठेवायचे, तिथे आता सतरंज्या टाकल्यात. भिंतीवर खुर्च्यांच्या हातांनी पडलेले ओरखडे तसेच आहेत, एका उंचीवर, ओळीने. श्वासबाई चाळिशीच्या आतबाहेर, आवाज गोड, मांडी घालताना गुडघा कट्कन वाजतो आणि दर वेळी त्या स्वतःच दचकतात. पहिल्या दिवशी आम्ही पाच जणी होतो: मी, दोन नर्सा, नोंदणीच्या खिडकीवरची एकजण, आणि स्वयंपाकघरातली एक, जिने वरिष्ठाला 'तुझं तोंड बघ' असं म्हटलं होतं. सगळ्या बायका. या इमारतीत पुरुषांना राग येत नाही, ते फक्त ठाम असतात. "डोळे मिटा," श्वासबाई म्हणाल्या, "श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय. तो बदलू नका. फक्त बघा." मी डोळे मिटले नाहीत. मी बघत होते की स्वयंपाकघरवालीनेही मिटले नाहीत. आमची नजरानजर झाली आणि तिने डोळा मारला. शेवटी एक छापील कागद मिळाला, राग एक ते दहामध्ये किती. मी दहा लिहिलं. दुसऱ्या बैठकीत अकरा. तिसऱ्या बैठकीत लिहिलं, विचारू नका. श्वासबाईंनी मला थांबवून घेतलं. "ताई, तुम्ही तो राग इतका घट्ट धरलाय. सोडून द्या ना." मी विचारलं, कुठे सोडू? कुणाच्या दारात? तो माझाच आहे, दुसऱ्याकडे नेऊन घातला तर चोरीचा आळ येईल. त्या हसल्या. हसू त्यांना आवरलं नाही, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या माणूस वाटल्या. मग त्यांनी स्वतःची बाटली पुढे केली, "थोडं पाणी घ्या," आणि मी त्यांच्या हातावर फटका मारल्यासारखी बाटली बाजूला सारली.

कारण पाणी. आमच्या घरात राग आला की पाणी प्यायचं. वडिलांचा नियम. मी सहा-सात वर्षांची असेन, मोठ्या भावाने माझी वही फाडली आणि मी त्याला चावले. वडिलांनी मारलं नाही, ओरडले नाहीत, पितळी भांडं भरून पुढे ठेवलं. "पी. एका दमात." मी प्यायले. "अजून एक." तेही प्यायले. पोट टम्म फुगलं, आत डुचमळत राहिलं, चालताना मला माझाच आवाज येत होता. "गेला राग?" मी मान हलवली. खोटं बोलायला मी असं पाण्याबरोबर शिकले. आई गेली त्या दुपारी मी न्हाणीघराच्या दारावर डोकं आपटत होते, तेव्हाही ते भांडं घेऊनच आले. स्वतःही त्यातलं अर्धं प्यायले. त्यांच्या गळ्याची गाठ वर जाताना, खाली येताना मला दिसत होती, आणि घोट संपले तरी ती हलतच होती. चौदा वर्षांची होते मी. त्या दिवसापासून मी कुणासमोर रडले नाही, भांडले नाही. लग्नात सासूबाईंच्या बहिणीने माझ्या रंगावरून काहीतरी म्हटलं तेव्हा मी तिलाच विचारलं, पाणी देऊ का? सगळ्यांनी कौतुक केलं, किती शांत मुलगी. सदतीस-अडतीस वर्षं मूग गिळून बसले. आणि आता आयुष्यात पहिल्यांदा एक ट्रे फेकला, तर हे म्हणतात सोडून दे. अहो, आत्ता तर कुठे धरलाय.

घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो एका दुकानात चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो, घरी येतो तेव्हा भुवयांवर पांढरी भुकटी असते, साबण लावून धुतो तरी राहतेच. "मग करू नकोस सही," तो म्हणाला. मी म्हटलं, अहो, नोकरी जाईल. "मग कर." मी म्हटलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? त्याने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि चष्म्याशिवाय त्याला मी नीट दिसत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "वाटतं. पण तू रागावलेली असलीस की मला त्यात कुठून शिरायचं ते कळत नाही. भिंतच असते. तू मला त्या मंगळवारचं धड सांगितलंसुद्धा नाहीस. सकाळी काय झालं ते." मी म्हटलं, सांगितलं की. रबर. चार कागद. त्याचं टोपण. "ते दुपारचं," तो म्हणाला आणि ताटं घ्यायला वळला. मी चिडले. त्याच्यावर चिडले म्हणून भाजी करपली, भाजी करपली म्हणून आणखी चिडले, आणि झोपताना माझा डावा कोपर दुखत होता. कोपर का, ते कळेना. डाव्या हाताने मी काही फेकलं नव्हतं.

चौथी बैठक. नर्सा आल्या नव्हत्या, खिडकीवरची बाई सही करून मोकळी झाली होती. स्वयंपाकघरवाली होती, ती पहिल्या पाच मिनिटांत घोरायला लागली. श्वासबाई म्हणाल्या, "ताई, आज सोडू नका. मी चुकीचं सांगत होते. धरा, पण बघत धरा." मला हे आवडलं, म्हणून आधी संशय आला. तरी डोळे मिटले. श्वास आत. प्रशासकाचं टोपण. "विचार आला तर विचार म्हणा, परत शरीराकडे या." विचार. श्वास बाहेर. चार कागद, त्यातला तिसरा तर मी स्वतः त्याच्या टेबलावर ठेवला होता, तेव्हा तो फोनवर, हाताने खूण केली ठेव म्हणून, विचार. जबडा. दात दातांवर. बघितल्यावर कळलं की दात मी आवळून धरलेत, आणि कळल्याबरोबर ते थोडे सुटले, मी न सोडता. गळा गरम. छातीच्या मधोमध तव्यासारखं काहीतरी, त्याच्या कडा हलतात, तो आहे तेवढाच राहत नाही, मोठा होतो, पातळ होतो. मी म्हटलं, ये. काय करायचं ते कर, मी इथेच बसलेय, आज पाणी नाही. तो आला. सगळा आला, वहीपासूनचा, न्हाणीघराच्या दारासकट. कपाळाला लाकूड लागल्याचंसुद्धा जाणवलं. मला वाटलं मी ओरडणार, ओरडले नाही. रडणार, रडलेही नाही. मी फक्त त्याला बघत होते, जसं वाफेच्या यंत्राच्या काट्याकडे बघते, तो चढतो तेव्हा मध्ये बोट घालायचं नसतं. काटा चढला. थांबला. आणि मग, मला पूर्ण आठवतंय, उतरायला लागला. माझ्या परवानगीशिवाय. बावन्न वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं की तो उतरतो. आणि तो उतरल्यावर त्याच्या मागे जे उभं होतं ते दिसलं. डावा कोपर. मंगळवार, सकाळी पावणेसात.

रोज पहिली फेरी रिकामी चालवायची असते. यंत्रात फक्त चाचणीचा एक गठ्ठा ठेवायचा, बाहेर काढायचा, उघडायचा, आणि मधला कागद उजेडात धरायचा. कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा झाला तर हवा नीट निघालीय, दिवस सुरू करायचा. मध्ये फिका डाग राहिला तर यंत्र बंद. बावीस वर्षांत ही चाचणी मी चुकवलेली नाही, हे मी प्रशासकाला सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, स्वतःला तर दिवसातून दहा वेळा. त्या सकाळी मी यंत्र चालवलं, गठ्ठा बाहेर काढला, गरम होता, कापड धरून डाव्या कोपराच्या खळगीत ठेवला. टेपवर रेघा आलेल्या होत्या. मी त्या बघितल्या. आणि गठ्ठा उघडला नाही. घाई नव्हती. कुणी बोलावलं नव्हतं. मी रुसले होते. आदल्या दिवशी चौथा कागद दिला होता आणि त्याला उत्तर नव्हतं, आणि मी यंत्रापुढे उभी राहून चक्क मनात म्हटलं होतं, तुम्हाला काही पडलेलं नाही ना, मग मीच काय म्हणून बघू? गठ्ठा कोपरात, मान वाकडी, सहा वर्षांच्या मुलीसारखी. मग वहीत 'चाचणी ठीक' लिहून सही केली. हे मी विसरले नव्हते. विसरणं वेगळं. मी त्यावर इतका मोठा, इतका खरा राग आणून ठेवला होता की खालचं दिसूच नये. आणि राग खरा होताच, हीच तर त्यातली लबाडी.  शरम रागासारखी गरम नसते, ती गार असते, पाठीच्या कण्यातून खाली जाते, घामासारखी. मी तिच्याकडेही बघितलं. ती पटकन गेली नाही. ती बसली. मीही बसले. स्वयंपाकघरवाली घोरत होती, आणि त्या घोरण्याचे मी एवढे उपकार मानले की सांगता येत नाही.

डोळे उघडले तेव्हा श्वासबाई माझ्याकडेच बघत होत्या. "हलकं वाटतंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. स्पष्ट वाटतंय. त्यांनी तो शब्द आपल्या वहीत लिहिला. मग वही मिटून हळूच म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? तुम्ही शांत झाल्या, सहीला तयार झाल्या, असं त्यांना माझ्याकडून लिहून हवंय." मी विचारलं, मग? "मी लिहीन शांत झाल्या. सहीचं मला काय ठाऊक." त्या उठल्या, गुडघा वाजला, आणि या वेळी दोघीही दचकलो.

त्या संध्याकाळी नवऱ्याला मंगळवार सकाळचं सगळं सांगितलं. त्याने टॉवेलने भुवया पुसल्या. मग म्हणाला, "रुसलीस तर मला सांगायचं, यंत्राला काय कळणार." आणि मी हसले, आणि हसताना डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं नाही. येऊ दे. या वेळी ते बाहेर येत होतं.

सहावी बैठक संपल्यावर प्रशासकाच्या खोलीत गेले. कागद तयार होता, तोच. टोपण काढून त्याने पेन माझ्याकडे केलं. तळपायात सुरू झालं; मी खाली बघितलं, म्हणजे आतून बघितलं, आलास का, ये; ते गुडघ्यापर्यंत चढलं, कमरेपर्यंत, मी उभी होते, हात रिकामे होते. मग मी खुर्चीवर बसले आणि पहिलं वाक्य खोडलं. यंत्र व्यवस्थित चालू होते. एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. दुसऱ्या वाक्याखाली लिहिलं: मंगळवारी सकाळची चाचणी मी उघडून पाहिली नाही आणि 'ठीक' अशी सही केली. ही चूक माझी आहे. दाराचे रबर खराब असल्याचे मी त्यापूर्वी चार वेळा लेखी कळवले होते. रबर न बदलल्याची चूक माझी नाही. खाली चारही तारखा घातल्या, त्या मला तोंडपाठ होत्या. आणि सही केली.

प्रशासकाने वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, हे काय? तुम्ही तर कबूलच करताय."

"हो."

"मग वरचं कशाला खोडलंत? इतकं झालंच आहे तर..."

"माझं होतं तेवढं घेतलं, साहेब. तुमचं इथे ठेवलंय."

"यावर तुमची नोकरी जाऊ शकते, कळतंय का तुम्हाला? या तुमच्याच अक्षरावर?"

"कळतंय."

"असं अर्धंमुर्धं चालत नाही." आवाज चढला होता. टोपण सापडेना त्याला. ते माझ्या समोर होतं, मी दिलं नाही. "तुम्ही शांत झालात असं लिहिलंय त्या मॅडमनी. हे शांत होणं म्हणायचं?"

"हो," मी म्हटलं. "हेच."

त्याचा चेहरा लाल झाला होता, कानापर्यंत. हाताची बोटं टेबलाच्या कडेवर पांढरी पडली होती. मी ते सगळं बघितलं, नीट, आणि क्षणभर वाटलं की सांगावं त्याला, बघा, जबड्यापासून सुरुवात करा. पण त्याने विचारलं नव्हतं. मी कागदाची एक प्रत मागितली. तो म्हणाला मिळणार नाही. मी म्हटलं, मग मी इथे बसते. आणि बसले. खिडकीतून उन्हाचा तुकडा टेबलावरून माझ्या मांडीवर आला. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. श्वास येत होता, जात होता. मला कुठेही जायची घाई नव्हती, आणि त्याला होती. पंचवीस मिनिटांनी त्याने घंटी वाजवून प्रत मागवली.

पुढे ढकललेलं ते ऑपरेशन बुधवारीच, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, सकाळी सव्वाआठला झालं होतं. मला मदतीची गरज आहे हे तोवर कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. त्या दिवशीची चाचणी मी उघडून बघितली, कागदाच्या मध्ये फिका डाग होता, म्हणून ते यंत्र बंद केलं, गठ्ठे शेजारच्या जुन्या लहान यंत्रात घातले, आणि त्या ऑपरेशनचा ट्रे मीच भरला.